लंडनमध्ये बरं अमेरिकन बार्बेक्यू कुठे मिळेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टन-डॅलसहून बदली होऊन लंडनला आलेली मंडळी आणि यूट्यूबवर ब्रिस्केटचे, म्हणजे बीफच्या छातीच्या भागाचे, व्हिडिओ बघून तोंडाला पाणी सुटलेली मंडळी, दोघांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी स्वतः काही वर्षं टेक्सासमध्ये काढलीत, त्यामुळे मतं थोडी ठाम आहेत, सांभाळून घ्या.

बार्बेक्यू म्हणजे ते टेबलाच्या मधोमध शेगडी ठेवून सळया भाजतात तेच ना?

नाही हो. पुण्या-मुंबईत बार्बेक्यू म्हटलं की बार्बेक्यू नेशन डोळ्यासमोर येतं, म्हणजे पनीर, कोळंबी, चिकनचे तुकडे सळईवर, खाली निखारे आणि पोट भरेपर्यंत खा. चविष्ट असतं, वाद नाही, पण ते ग्रिलिंग झालं. इंग्रज लोक उन्हाळ्यात बागेत सॉसेज काळी करतात आणि त्यालाही बार्बेक्यूच म्हणतात, ते पण हे नाही. अमेरिकन दक्षिणेतलं बार्बेक्यू म्हणजे मांसाचा मोठा, कष्टाळू, चिवट भाग घ्यायचा आणि जळत्या लाकडाच्या धुरात साधारण ११० ते १३० डिग्री सेल्सिअसला तासन् तास ठेवायचा, ब्रिस्केट असेल तर दहा-बारा तास सहज जातात आणि चौदा लागले तरी कोणी घड्याळ बघत नाही. आच लांब, धूर जवळ, घाई अजिबात नाही.

अमेरिकेत सगळीकडे एकच प्रकार असतो का?

असं टेक्सासमधल्या माणसासमोर बोलू नका, नॉर्थ कॅरोलायनातल्या तर नकोच नको. थोडक्यात सांगतो, कारण लंडनमधलं हॉटेल नेमकं कुठली नक्कल करतंय हे कळलं की काय मागवायचं ते आपोआप कळतं.

मध्य टेक्सास म्हणजे बीफ. जर्मन आणि चेक खाटीक तिथे येऊन स्थायिक झाले, उरलेलं मांस धुरावर ठेवून विकायला लागले, त्यातून ही पद्धत आली. मीठ, मिरपूड आणि ओकच्या जातीतलं पोस्ट ओकचं लाकूड, बास. लॉकहार्ट नावाचं छोटं गाव यासाठीच प्रसिद्ध आहे. मांस वजनावर मिळतं, खाली कागद, बाजूला पांढरा ब्रेड, लोणच्यातली काकडी आणि कच्चा कांदा (कांदा बघून आपल्याला जरा घरच्यासारखं वाटतं). कॅन्सस सिटीमध्ये टोमॅटो-गुळासारखा जाड गोड सॉस आणि बर्न्ट एंड्स, म्हणजे ब्रिस्केटच्या चरबीवाल्या टोकाचे तुकडे परत धुरात घालून केलेले. मेम्फिसला पोर्क रिब्ज, त्याही कोरड्या मसाल्यातल्या. कॅरोलायनात पोर्कच, पूर्व भागात अख्खा डुक्कर आणि पातळ व्हिनेगर-मिरचीचं पाणी, दक्षिण कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस. अलाबामात चिकनवर मेयोनेज आणि व्हिनेगरचा पांढरा सॉस घालतात, ऐकायला विचित्र वाटतं पण एकदा खाऊन बघाच.

आणि हे सगळं ज्यांच्या हातून उभं राहिलं त्यात गुलामीत राबलेल्या आफ्रिकन अमेरिकन लोकांचा वाटा खूप मोठा आहे. रात्रभर जागून खड्ड्यातली आग सांभाळायचं काम त्यांच्याकडेच असायचं. आजही साउथ कॅरोलायनाचे रॉडनी स्कॉट अख्खा डुक्कर भाजण्यासाठी नावाजलेले आहेत, २०१८ मध्ये त्यांना जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतला शेफ लोकांचा मानाचा पुरस्कार मिळाला.

लंडनमध्ये हे सगळं खरंच मिळतं का की नुसतं नाव?

दोन्ही मिळतं, नुसतं नाव जास्त. २००२ मध्ये सोहोत बोडीन्स सुरू झालं, कॅन्सस सिटीच्या वळणाचं. खरी हवा झाली २०११ पासून, जेव्हा पिट क्यू नावाचा फूड ट्रक थेम्सच्या काठी हंगरफर्ड ब्रिजखाली उभा राहायला लागला आणि पुढे त्यांनी सोहोमध्ये अगदी छोटं हॉटेल काढलं, बाहेर कायम रांग. ते आता बंद झालंय पण त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली की इथल्या चांगल्या डुकराचं मांस घेऊन, टेक्सासची कॉपी न करता, उत्तम काम होऊ शकतं. मग स्मोकस्टॅक, आधी रस्त्यावरचा स्टॉल आणि २०१६ पासून ब्रिक लेनजवळच्या स्क्लेटर स्ट्रीटवर हॉटेल. त्यांचा ब्रिस्केट बन, वर लोणच्यातली लाल मिरची, हा मी पाहुण्यांना पहिला खायला घालतो. स्लाऊवरून येणाऱ्यांना एलिझाबेथ लाइनने थेट लिव्हरपूल स्ट्रीटला उतरून चालत जाता येतं.

बाकी शेकडो पबमध्ये मेनूवर 'स्मोकहाउस' लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. बर्गरवर गोड सॉस ओतला की झालं स्मोकहाउस.

टेक्साससारखं ब्रिस्केट इथे का लागत नाही? शेफला येत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. शेफला बहुतेक वेळा येत असतं, घोळ गाईतच असतो.

ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचा भाग. निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर, म्हणून तो स्नायू सतत कामात, म्हणून चिवट, कोलॅजन भरपूर. हे कोलॅजन सत्तर डिग्रीच्या आसपास हळूहळू विरघळून जिलेटिन व्हायला लागतं आणि मांस आतून नव्वद-पंचाण्णव डिग्रीला पोचेपर्यंत ते काम चालू राहतं. पण तिथपर्यंत जाईस्तोवर पाणी उडून जातं, मग ओलावा कुठून राहणार, तर तो मांसातल्या चरबीच्या बारीक जाळीतून. अमेरिकन जनावरांना शेवटचे काही महिने फीडलॉटमध्ये, म्हणजे कुंपणात कोंडून, मका खाऊ घालतात, त्यामुळे ती जाळी दाट असते. ब्रिटनमधली जनावरं जास्त करून गवतावर वाढतात, चवीला छान, रोस्टला उत्तम, पण चरबी कमी. अशा मांसाला बारा तास धूर दिला की पातळ बाजू कोरडी होते, कितीही मोठा पिटमास्टर, म्हणजे धुराचा उस्ताद, आणा.

शिवाय इथला खाटीक ब्रिस्केट हाडं काढून, चरबी तासून, गुंडाळून दोऱ्याने बांधून विकतो, कारण इंग्रज घरात ते भांड्यात शिजवतात. टेक्सासला लागतो तो अख्खा तुकडा, जाड आणि पातळ दोन्ही भाग एकत्र आणि वर चरबीचा थर. तो मुद्दाम सांगून कापून घ्यावा लागतो.

मग अमेरिकेतूनच मागवा की, असं म्हणाल, तर तेही सरळ नाही. हार्मोन दिलेल्या जनावरांचं मांस युरोपने १९८९ पासून बंद केलंय आणि ब्रिटनने युरोपियन युनियन सोडल्यावरही ती बंदी ठेवली. त्यामुळे येतं ते फक्त हार्मोन न दिलेलं, वेगळं सर्टिफिकेट असलेलं अमेरिकन बीफ आणि ते महाग. ज्या हॉटेलात मेनूवर 'यूएसडीए' (म्हणजे अमेरिकन कृषी खातं) लिहिलंय तिथे किंमत बघूनच कळेल.

म्हणून माझा सल्ला, लंडनमध्ये टेक्साससारख्या ब्रिस्केटच्या मागे लागू नका. बीफ खात असाल तर शॉर्ट रिब, म्हणजे बरगडीचा जाड तुकडा, मागवा, त्या भागात चरबी मुळातच जास्त असते म्हणून गवतावरच्या जनावराची पण छान होते. नाहीतर पोर्क. ब्रिटनमधलं पोर्क खरंच चांगलं असतं, टॅमवर्थसारख्या जुन्या जातीचं मिळालं तर विचारूच नका, अमेरिकेतल्या नेहमीच्या पोर्कपेक्षा सरस.

लंडनमध्ये लाकूड जाळायला परवानगी असते का?

सहज नसते. १९५२ च्या डिसेंबरात ग्रेट स्मॉग झाला, हजारो लोक गेले, त्यानंतर १९५६ मध्ये क्लीन एअर ॲक्ट आला. आज लंडनचा बहुतेक भाग स्मोक कंट्रोल एरियात येतो, म्हणजे धुराड्यातून धूर सोडायचा नाही आणि साधं लाकूड जाळायचं तर मान्यता असलेलीच शेगडी किंवा भट्टी हवी. टेक्सासमध्ये जुन्या गॅसच्या टाक्या कापून बनवलेले ते लांबलचक स्मोकर मागच्या अंगणात उभे असतात, तसं लंडनच्या शोरडिच भागात वरच्या फ्लॅटमधल्या लोकांच्या खिडकीखाली कोण उभं करू देणार. म्हणून इथे बंद पेटीसारखे स्मोकर असतात, बऱ्याचदा उष्णता गॅसची किंवा विजेची आणि लाकूड नुसतं धुरापुरतं. त्याने वाईट होतं असं नाही, पण धुराची चव जरा हलकी लागते. आपल्याकडे रायगडात थंडीत पोपटी लावतात तिला जसा पाल्याचा नि जाळाचा वास लागतो तसा अंगात मुरलेला वास इथे क्वचितच मिळेल.

आत जायच्या आधी कसं ओळखायचं?

मेनू बघा. लहान मेनू चांगला. रामेन, टाको, पिझ्झा आणि ब्रिस्केट एकाच पानावर असेल तर पुढे चला. मांस शंभर ग्रॅमच्या हिशोबाने विकत असतील तर चांगलं लक्षण, आणि काही पदार्थांसमोर 'संपलं' लिहिलेलं असेल तर त्याहून चांगलं, कारण बारा तास लागणारी गोष्ट ऐनवेळी परत करता येत नाही. रात्री साडेदहाला पण सगळं हजर म्हणजे फ्रीजमधून काढून गरम करतायत.

वास पण घ्या. लाकडाचा धूर गोडसर लागतो. नाकात झोंबणारा, राखेसारखा वास येत असेल तर आग नीट जळत नाहीये आणि तोच कडवटपणा मांसावर बसतो.

फोन करून काय विचारू? वेडे समजतील ना?

नाही समजणार, उलट जे मनापासून करतात त्यांना असे प्रश्न आवडतात, थांबवावं लागतं. कुठलं लाकूड वापरता, स्मोकर इथेच आहे का मांस दुसरीकडून येतं, आणि आजचं ब्रिस्केट किती वाजता लावलं होतं, एवढे तीन पुरे. ओक, बीच, ॲश असं काहीतरी नाव पटकन आलं तर जा. 'अं… बघून सांगतो' आलं तर त्यांना लिक्विड स्मोक माहीत असणार. हे बाटलीतलं धुराचं पाणी काही आजकालचं नाही बरं का, कॅन्सस सिटीत १८९५ च्या सुमाराला विकायला सुरुवात झाली होती.

ताट समोर आलं, आता चांगलं की वाईट कसं कळणार?

ब्रिस्केटचा काप पेन्सिलीएवढा जाड असावा आणि रेषांना आडवा कापलेला. बोटावर टाका, दोन्ही बाजूंनी वाकला पाहिजे पण तुटता कामा नये. मग दोन्ही टोकं हलकेच ओढा, थोडा ताण देऊन सुटला तर बरोबर. रबरासारखा ताणला तर कमी शिजलाय, हात लावताच भुगा झाला तर जास्त. बाहेरचा काळा थर, ज्याला बार्क म्हणतात, तो जळलेला नसतो, मिरपूड-चरबी-धूर मिळून झालेला असतो, तो काढून टाकू नका, भांडण करून मिळवा.

रिब्जच्या बाबतीत मोठा गैरसमज आहे की हाड उचललं आणि मांस गळून पडलं म्हणजे भारी. अमेरिकेतल्या स्पर्धांमध्ये अशा रिब्जचे मार्क कापतात. दात मारला तिथलंच मांस निघावं आणि चाव्याचा आकार तसाच दिसावा. गळून पडणाऱ्या रिब्ज बऱ्याचदा आधी उकडून किंवा ओव्हनमध्ये झाकून केलेल्या असतात आणि मग वर सॉस फासून ग्रिलवर दोन मिनिटं.

मांस कडेने गुलाबी दिसतंय, कच्चं आहे का?

नाही. धुरातले वायू मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनशी बांधले जातात आणि तो गुलाबी रंग शिजल्यावरही राहतो, त्याला स्मोक रिंग म्हणतात. चिकनमध्ये पण कातडीखाली दिसतो, आई-बाबा सोबत असतील तर आधीच सांगून ठेवा नाहीतर ताट परत पाठवतील. मात्र एक, या रिंगला स्वतःची चव काही नसते, त्यामुळे फोटोत लाल रेघ जाड दिसली म्हणून भुलू नका.

सॉस मांसावर घालूनच देतात, चालतं का?

कॅन्सस सिटीच्या पद्धतीत चालतं. टेक्सासच्या नावाने विकत असतील तर सॉस बाजूला मागा, आधी दोन घास कोरडे खा. सॉसखाली सुकलेलं मांस लपवणं हा जगभरचा उद्योग आहे.

आम्ही बीफ खात नाही, मग जाऊन उपयोग काय?

खूप उपयोग आहे, फक्त विचारून मागवा. पुल्ड पोर्क (मऊ शिजवून तंतू सुटे केलेलं), पोर्क रिब्ज, चिकन, काही ठिकाणी टर्की. टर्कीला उगाच नावं ठेवतात, धुरातली टर्की नीट केली तर मस्त रसरशीत असते. सॉसेज मात्र बीफ-पोर्क मिसळून करतात, आत पोर्क आणि बाहेरचं आवरण दुसऱ्याचं असंही असतं. बीन्समध्ये ब्रिस्केटचे तुकडे टाकायची पद्धतच आहे. चिप्स बीफच्या चरबीत तळल्यात का ते विचारा, ब्रिटनमध्ये बीफ ड्रिपिंग अजूनही भरपूर वापरतात. आणि एकाच पाटावर सगळं कापतात हे गृहीत धरा, ते चालणार नसेल तर अशा ठिकाणी न गेलेलंच बरं.

घरात एकजण पूर्ण शाकाहारी आहे, काय करू?

आधी त्या माणसाला विचारा की चार तास धुराच्या वासात बसायची तयारी आहे का. असेल तर पुढे. मॅक अँड चीज, कोलस्लॉ, बटाट्याचं सॅलड, भाजलेलं बीट किंवा कोबी एवढं साधारण मिळतं. पालेभाजी दिसली म्हणून खुश होऊ नका, दक्षिणेत कॉलर्ड ग्रीन्स डुकराच्या हाडासोबत शिजवतात. कॉर्नब्रेडमध्ये बेकनची चरबी असू शकते. सॉसमध्ये वूस्टर सॉस असतो आणि त्यात अँचोव्ही म्हणजे छोटे मासे. इथे कायद्याने ॲलर्जीच्या चौदा पदार्थांची माहिती द्यावी लागते, पण त्या चौदात मासे, अंडं, मोहरी, तीळ आहेत, पोर्क किंवा बीफ नाही, त्यामुळे यादी बघून निर्धास्त होऊ नका, तोंडाने विचारा.

आणि हो, मेनूवर पुल्ड जॅकफ्रूट बर्गर असेल. म्हणजे डब्यातला कोवळा फणस, बार्बेक्यू सॉसमध्ये. कोकणातल्या माणसाने कुयरीची भाजी खाल्लेली असते, त्याने पंधरा पौंड देऊन हा खायचा की नाही ते स्वतः ठरवावं. मी एकदम नाही म्हणणार नाही, पण सॉस नसता तर काय उरलं असतं हा विचार डोक्यात येतो.

बार्बेक्यूमध्ये मटण का नसतं?

असतं, पण एकाच कोपऱ्यात. केंटकी राज्यात ओवेन्सबरो नावाचं शहर आहे, तिथे म्हाताऱ्या मेंढीचं मटण हिकरीच्या लाकडाच्या धुरात तासन् तास ठेवतात आणि वर काळपट, वूस्टर सॉसचं आंबट पाणी मारतात. ज्याला मटण म्हणजे काय ते कळतं तो माणूस तिथे रमेल. लंडनमध्ये याची नक्कल कोणी फारशी करत नाही आणि मला हे न सुटलेलं कोडं आहे, कारण ब्रिटनमध्ये मेंढी उत्तम मिळते, वेल्सचं मटण तर आहेच. मेनूवर लॅम्ब रिब्ज किंवा लॅम्ब शोल्डर दिसला की मी तोच मागवतो.

कधी जावं?

शनिवारी किंवा रविवारी, दुपारी उघडल्या उघडल्या. रात्रभर लागलेलं मांस सकाळी निघतं, एक-दोन तास मुरतं आणि जेवणाच्या वेळेला सगळ्यात छान असतं. नंतर ते गरम पेटीत ठेवतात, इथल्या नियमाने ६३ डिग्रीच्या वर, ते काही तास चांगलं टिकतं पण बार्क मऊ पडायला लागतो. मंगळवारी रात्री जाऊन शिव्या घालू नका.

किती मागवायचं आणि खिशाला किती?

माणशी सव्वादोनशे ग्रॅम शिजलेलं मांस पुरतं, सोबत दोन साइड. चौघांत तीन प्रकार घ्या आणि वाटून खा. पैसे माणशी पंचवीस ते चाळीस पौंड धरून चला, बिअर वेगळी, वर साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज बिलात असतोच, तो ऐच्छिक असतो, सर्व्हिस वाईट असेल तर काढायला सांगता येतो. महाग का, तर सहा किलोचं कच्चं ब्रिस्केट घेतलं की तासून आणि शिजून जेमतेम तीन किलो हातात येतं, त्यात रात्रभर जागणाऱ्या माणसाचा पगार आणि लंडनचं भाडं. तिकडे टेक्सासमध्ये पण आता स्वस्त राहिलेलं नाही, २०२४ मध्ये तिथल्या चार बार्बेक्यूवाल्यांना मिशेलिन स्टार मिळाले.

तिखट असतं का?

नसतं. लोणच्यातली मिरची जास्त मागा, देतात. ठेचा खिशातून काढायचा असेल तर जरा लपून.

लंडन सोडून दुसऱ्या शहरात असू तर?

नियम तेच, मांस आणि लाकूड तिथलं बघा. ऑस्ट्रेलियात आयर्नबार्कसारखं कडक लाकूड आणि धान्यावर वाढवलेलं बीफ दोन्ही मिळतं, त्यामुळे सिडनी-मेलबर्नवाले ब्रिस्केट बिनधास्त मागवू शकतात. जपानमध्ये साकुराच्या लाकडाचा धूर देतात, पोर्क आणि चिकनला फार छान लागतो. मुंबईत कोणी ब्रिस्केट म्हणून दिलं तर ते म्हशीचं असणार, २०१५ पासून महाराष्ट्रात बैलही कापता येत नाही, आणि म्हशीच्या मांसात चरबी आणखी कमी, तेव्हा तिथे पोर्क रिब्ज घ्या.

उरलं तर घरी नेऊन गरम कसं करायचं?

मायक्रोवेव्ह नको, चामडं होईल. कापलेलं नसेल तर तसंच न्या, कापून मागू नका. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून दोन चमचे पाणी किंवा स्टॉक घाला, ओव्हन १२० डिग्रीला, आतपर्यंत वाफाळेस्तोवर ठेवा, तुकडा जाड असेल तर तासभर सहज लागेल. पुल्ड पोर्क तव्यावर थोडं कुरकुरीत होऊ द्या, वरून लिंबू, बारीक कांदा, आणि गरम पोळीत गुंडाळून खा, ठेचा आता उघड काढायला हरकत नाही.